मेल गाळायचा कुठे : नाक्यावर, गोदामात की दुकानाच्या दारात?

मागच्या भागात आपण स्वतःचा मेल सर्व्हर उभा करताना डोमेन, डीएनएसच्या नोंदी आणि प्रमाणपत्र यांची तयारी कशी करायची ते पाहिलं. आता सर्व्हर उभा राहिला, मेल यायला लागले. दोन दिवसांत मालक विचारतो, "कामाच्या एका मेलमागे हा एवढा कचरा कशाला?" आणि आठवड्याने त्याहून अवघड प्रश्न येतो, "समोरचा म्हणतो मेल पाठवला, मग तो गेला कुठे?"

आजचा भाग या दोन प्रश्नांवर आहे. कचरा अडवायचा कुठे आणि चांगला मेल योग्य पेटीत पोहोचवायचा कसा. यासाठी बाजारात पन्नास साधनं आहेत, आणि बहुतेक लोक साधनांच्या नावांवरून भांडतात. माझ्या मते आधी जागा ठरवावी, साधन नंतर. कारण गाळणी कुठे बसवली यावर एक गोष्ट ठरते : मेल अडला तर ते कुणाला कळणार? पाठवणाऱ्याला, तुम्हाला, की कुणालाच नाही?

व्हिडिओत मी फळ्यावर चित्र काढलं होतं. पुस्तकात ते शब्दांत सांगतो.

चिकपेटचा नकाशा

मी बसतो बंगळूरच्या चिकपेटमध्ये, साड्यांच्या एका घाऊक दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आजूबाजूच्या काही दुकानांचे मेल सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. कन्नडमधली 'पेटे' म्हणजे आपली पेठ. 'चिक्क' म्हणजे लहान, 'दोड्ड' म्हणजे मोठी. १५३७ मध्ये केंपेगौडांनी हे गाव वसवलं तेव्हा दोन मुख्य रस्ते आखले : चिक्कपेटे पूर्व-पश्चिम आणि दोड्डपेटे दक्षिण-उत्तर. दोड्डपेटे म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. भोवती एकेका धंद्याची एकेक पेठ : बळेपेट बांगड्यांची, अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची, कुंभारपेट कुंभारांची. आपल्या लोकांनाही हा भाग परका नाही. शेजारच्या नगरथपेटच्या गल्ल्यांत सोनं गाळणारी विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी भेटतात, त्यांच्याशी मराठीतच बोलणं होतं.

इथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की मोठा ट्रक आत येत नाही. माल आधी ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरतो, तिथून हमाल डोक्यावरून किंवा हातगाडीवरून दुकानात आणतो. मेल सर्व्हरमध्येही हेच टप्पे आहेत.

पहिला टप्पा म्हणजे नाका. बाहेरचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरशी एसएमटीपी भाषेत बोलतो : मी अमुक, माझ्याकडे अमक्याचा मेल आहे, तमक्याला द्यायचा आहे. तुमचा सर्व्हर प्रत्येक वाक्याला आकड्याने उत्तर देतो. २५० म्हणजे ठीक, घेतलं. ४५० म्हणजे आत्ता नको, नंतर या. ५५० म्हणजे घेत नाही, परत न्या.

दुसरा टप्पा म्हणजे गोदाम, सर्व्हरच्या भाषेत रांग. मेल घेतला, पावती दिली, आता तो तुमच्या डिस्कवर आहे.

तिसरा टप्पा हमालीचा. रांगेतला मेल उचलून त्या-त्या माणसाच्या पेटीत टाकणारा प्रोग्रॅम.

चौथा टप्पा गल्ल्यावरचा. म्हणजे दुकानदाराच्या संगणकातलं किंवा फोनमधलं मेल वाचायचं ॲप.

गाळणी या चारही ठिकाणी बसवता येते. एकेक पाहू.

नाक्यावरची गाळणी

इथे मुख्य मुद्दा पावतीचा आहे. एसएमटीपीचा नियम असा की एकदा २५० म्हटलं की मेलची जबाबदारी तुमची. त्यानंतर तो हरवला तर दोष घेणाऱ्याचा. पण २५० म्हणायच्या आधी ५५० म्हटलं, तर मेल अजून पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडेच असतो, आणि तोच सर्व्हर आपल्या माणसाला कळवतो की मेल पोहोचला नाही. चुकून चांगला मेल अडला तरी समोरच्याला निरोप मिळतो आणि तो फोन उचलतो. व्यापारात हे लाख मोलाचं आहे.

नाक्यावर तपासायच्या गोष्टी स्वस्तापासून महागापर्यंत लावायच्या. सगळ्यात स्वस्त म्हणजे येणाऱ्याचा आयपी पत्ता. तो स्पॅमहाउससारख्या काळ्या यादीत आहे का, हे एका डीएनएस प्रश्नात कळतं. पोस्टफिक्स वापरत असाल तर त्यात पोस्टस्क्रीन नावाचा पहारेकरी आहे. आपलं स्वागताचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच जो बोलायला लागतो त्याला तो ओळखतो, कारण खरा मेल सर्व्हर आपली पाळी येईपर्यंत थांबतो.

इथे एक खड्डा आहे, तो नीट ऐका. सर्व्हरच्या डीएनएससाठी गूगलचा वगैरे सार्वजनिक पत्ता दिला असेल, तर स्पॅमहाउस त्या मार्गाने आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही. १२७.२५५.२५५ ने सुरू होणारा एक वेगळा सूचना-क्रमांक परत देतो. तुमच्या सर्व्हरने कुठलंही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' असं धरलं, तर झाडून सगळे मेल परत जातील. म्हणून मेल सर्व्हरला स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर हवा, आणि नियमात नेमकी कोणती उत्तरं धरायची तेही लिहायला हवं.

दुसरी युक्ती ग्रेलिस्टिंगची. अनोळखी सर्व्हरला पहिल्यांदा ४५० सांगायचं, नंतर या. खरा सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो, स्पॅम टाकणारे बरेच प्रोग्रॅम येत नाहीत. कल्पना २००३ ची आहे आणि तेव्हा तिने कमाल केली. आज मी ती सरसकट लावत नाही. बँकेचा ओटीपी दहा मिनिटं उशिरा आला तर त्याचा उपयोग काय? शिवाय मोठ्या कंपन्या दुसऱ्या खेपेला वेगळ्याच आयपीवरून येतात, मग त्यांना पुन्हा 'नंतर या' ऐकावं लागतं. फक्त संशयित मेलपुरती ती ठेवावी.

तिसरी पायरी ओळखपत्रांची : एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या वतीने हा सर्व्हर मेल पाठवू शकतो का. डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही. आणि डीमार्क विचारतं की वाचणाऱ्याला दिसणारं 'प्रेषक' हे डोमेन त्या दोघांपैकी एकाशी तरी जुळतं का.

शेवटची आणि महाग पायरी म्हणजे मेलचा मजकूर वाचणं. यासाठी मिल्टर नावाची जोडणी असते. ती मूळची सेंडमेलची, पोस्टफिक्सनेही २००६ पासून घेतली. मिल्टरमागे मी आरस्पॅमडी बसवतो. तो प्रत्येक लक्षणाला गुण देतो आणि बेरजेवर निर्णय घेतो. मूळ मांडणीत चार गुणांवर ग्रेलिस्टिंग, सहावर 'संशयित' असा शिक्का आणि पंधरावर थेट नकार. चार आणि पंधरामधलं हे अंतर शहाणपणाचं आहे. खात्री असेल तरच नाक्यावरून परत पाठवायचं, नाहीतर शिक्का मारून आत सोडायचं.

नाक्याच्या गाळणीला दोन मर्यादा आहेत. एक, समोरचा सर्व्हर ताटकळत उभा असतो, त्यामुळे तपासणी काही सेकंदांत उरकायला हवी. दोन, एकच मेल पाच जणांना असेल तर मजकूर मिळाल्यावर एसएमटीपीत उत्तर एकच देता येतं. मालकाला हवा आणि मुनिमाला नको, असं नाक्यावर सांगता येत नाही.

गोदामातली गाळणी

जुनी आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी दिसणारी पद्धत ही. सर्व्हर मेल घेतो, पावती देतो, रांगेत ठेवतो. मग तिथून तो ॲमाविससारख्या प्रोग्रॅमकडे जातो. ॲमाविस त्याला स्पॅमअसॅसिनकडून आणि क्लॅमएव्हीकडून तपासून घेतो आणि परत पोस्टफिक्सच्या हाती देतो. नेहमीच्या मांडणीत जाताना १००२४ हा पोर्ट आणि येताना १००२५.

फायदा सरळ आहे. बाहेरचा कुणी ताटकळत नाही. एकदम हजार मेल आले तरी ते रांगेत थांबतात आणि सर्व्हर आपल्या गतीने तपासतो. यंत्रं लहान होती त्या काळात हा फार मोठा आधार होता.

पण पावती तर देऊन झाली. आता स्पॅम सापडला तर करायचं काय? तीनच वाटा उरतात. परत पाठवा, फेकून द्या, किंवा कोठडीत ठेवा.

परत पाठवणं सगळ्यात वाईट, कारण स्पॅमवरचा प्रेषकाचा पत्ता बहुतेक वेळा खोटा असतो. तुमचा 'मेल पोहोचला नाही' हा निरोप भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात, आणि असं करणारे सर्व्हर स्वतःच काळ्या यादीत जातात. फेकून दिलं तर कुणालाच कळत नाही. राहिली कोठडी.

कोठडीची गोष्ट मी जवळून पाहिली आहे. इथल्या एका दुकानाचा सर्व्हर दुसऱ्या कुणीतरी लावून दिला होता, नंतर तो माझ्याकडे आला. दुकानदाराने दिवाळीसाठी सोलापूरच्या कारखान्याकडे चादरी आणि टॉवेलची मागणी नोंदवली होती. कारखान्याचं उत्तर आलं : सुताचे दर वाढलेत, नवा भाव सोबत जोडला आहे, चार दिवसांत होकार द्या, नाहीतर माल दुसऱ्याला देऊ. या मेलला गुण जास्त पडले आणि तो कोठडीत गेला. सोलापूरच्या सर्व्हरला २५० मिळालं होतं, म्हणजे त्यांच्या दृष्टीने मेल पोहोचला. दुकानदाराच्या पेटीत काही नव्हतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने उत्तर आलंच नाही. कोठडी बघण्याचं काम कुणाकडेच दिलेलं नव्हतं. दोघंही एकमेकांवर रुसून बसले आणि हंगाम निघून गेला. पुढे मी सर्व्हर ताब्यात घेतला तेव्हा तो मेल तिथे जसाच्या तसा पडलेला होता.

या गोष्टीत एकही प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता. सगळ्यांनी सांगितलेलं काम चोख केलं. गाळणीची जागा चुकली होती. म्हणून मी म्हणतो, जी कोठडी रोज कुणी उघडत नाही, ती कचऱ्याचीच पेटी. कोठडी ठेवायची असेल तर दररोज सकाळी अडलेल्या मेलांची यादी त्या-त्या माणसाला गेलीच पाहिजे.

दुकानाच्या दारातली गाळणी

आता हमालाकडे येऊ. इथे नियम माणसागणिक वेगळे ठेवता येतात. मालकाची पसंती वेगळी, हिशेबनिसाची वेगळी. तीन नावं तुम्हाला भेटतील : प्रॉकमेल, मेलड्रॉप आणि सीव्ह.

प्रॉकमेल १९९० चा. युनिक्सवर वाढलेल्या पिढीचा लाडका. त्याचा नियम म्हणजे एक नमुना आणि एक कृती, आणि कृतीत हवा तो प्रोग्रॅम चालवता येतो. ताकद अफाट. पण २००१ नंतर जवळजवळ दोन दशकं त्याची नवी आवृत्ती आली नाही. २०१४ मध्ये तर त्याच्या जुन्या सांभाळकर्त्यानेच तो वापरातून काढून टाकण्याचा सल्ला दिला. २०२२ मध्ये दुरुस्त्यांसह नवी आवृत्ती आली खरी. तरी दोन अडचणी राहतात. वापरणाऱ्याला सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवायची मुभा द्यावी लागते, हे धोक्याचं. आणि लिपी इतकी आटोपशीर की एका कोलनने फरक पडतो. नियमाच्या सुरुवातीला शून्यानंतरचा कोलन राहिला तर पेटीला कुलूप लागत नाही, आणि एकाच फाइलमध्ये दोन मेल एकाच वेळी लिहिले जाऊन दोन्ही खराब होऊ शकतात.

मेलड्रॉप हा कुरिअर मेल सर्व्हरच्या घरचा. त्याची भाषा वाचायला सोपी आहे, आणि नियमांच्या फाइलमध्ये चूक असेल तर तो मेल पुढे ढकलत नाही, 'नंतर प्रयत्न करा' म्हणून रांगेतच ठेवतो. स्वभावाने सावध.

सीव्ह वेगळ्या विचाराने बनला. २००१ मध्ये तो प्रमाणित झाला आणि २००८ मध्ये आरएफसी ५२२८ म्हणून सुधारून आला. त्याच्या मूळ भाषेत आवर्तन नाही, बाहेरचा प्रोग्रॅम चालवायची सोय नाही. हे मुद्दाम केलेलं आहे. दुकानातल्या मुलाने लिहिलेला नियम सर्व्हरला अडकवून ठेवू शकत नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की, कुठलाच नियम लागू झाला नाही किंवा नियम चालवताना बिघाड झाला, तर मेल सरळ इनबॉक्समध्ये जातो. शंका आली तर मेल ठेवायचा, टाकायचा नाही. व्यापाऱ्याच्या मेलसाठी मला हाच स्वभाव हवा.

डव्हकॉट हा सर्व्हर वापरत असाल तर त्यात पिजनहोल नावाचा भाग घातला की सीव्ह मिळतो. नियम बदलायला सर्व्हरवर शिरावं लागत नाही. मॅनेजसीव्ह नावाची सोय आहे, पोर्ट ४१९०. वेबमेलच्या सेटिंगमध्ये दुकानदार स्वतः लिहितो : जीएसटीच्या पोर्टलकडून आलेले मेल 'कर' फोल्डरमध्ये, ट्रान्सपोर्टवाल्यांचे 'बिल्टी' फोल्डरमध्ये. प्रत्येक मालाची आपापली पेठ.

सर्व्हर चालवणाऱ्यालाही जागा ठेवलेली आहे. सगळ्यांच्या आधी चालणारा एक नियम आणि सगळ्यांच्या नंतर चालणारा एक, असे लावता येतात. आरस्पॅमडीने नाक्यावर मारलेला शिक्का पाहून मेल 'जंक'मध्ये टाकायचा, हा माझा आधीचा नियम. आणि एखाद्याने जंकमधला चांगला मेल उचलून इनबॉक्समध्ये ठेवला, की गाळणीला तेवढ्यावरून धडा मिळतो. आयमॅपसीव्ह नावाच्या जोडणीने हे होतं. दुकानदाराला वेगळं काही शिकावं लागत नाही.

एका नियमाबद्दल मात्र मी सगळ्यांना सावध करतो : 'आलेले सगळे मेल माझ्या जीमेलवर पाठव.' सीव्हमध्ये ही एका ओळीची कृती आहे. पण मूळ प्रेषकाचा पत्ता तसाच राहतो आणि पाठवणारा सर्व्हर होतो तुमचा. म्हणजे एसपीएफ नापास. डीकेआयएमची सही मजकूर बदलला नाही तर टिकते, पण ज्यांच्या मेलवर सहीच नाही ते अडकतात. शिवाय तुमच्याकडे आलेला स्पॅमही तुमच्या नावाने पुढे जातो आणि पत जाते तुमच्या सर्व्हरची. फोनवर मेल हवा असेल तर फोनमध्ये आयमॅपने हेच खातं जोडा. पुढे ढकलू नका.

गल्ल्यावरची गाळणी

आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये लावलेले नियम. यांबद्दल थोडक्यात. ते त्या एका संगणकावर आणि तो चालू असतानाच चालतात. दुकान बंद, संगणक बंद, पण फोन चालू. तर फोनवर सगळा कचरा तसाच दिसतो. एखाद्याला आपल्या सोयीने रंग लावायचे असतील, खुणा करायच्या असतील तर ठीक. दुकानाचे नियम तिथे ठेवू नयेत.

पोहोचवायचं कसं : दर खेपेला नवा हमाल की बांधलेला हमाल?

नियम ठरले. आता मेल प्रत्यक्ष पेटीत टाकायचा. याचे दोन प्रकार आहेत.

पहिला पाइपचा. प्रत्येक मेलसाठी सर्व्हर एक नवा प्रोग्रॅम सुरू करतो, मेल त्याच्या तोंडात ओततो, आणि प्रोग्रॅम संपताना जो आकडा देतो तो पाहतो. शून्य म्हणजे पोहोचला. पंच्याहत्तर म्हणजे आत्ता जमलं नाही, पुन्हा पाठवा. दुसरे बहुतेक आकडे म्हणजे कायमचा नकार, मेल परत. बारकावा इथेच आहे. तुम्ही स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट डिस्क भरल्यामुळे मेल लिहू शकली नाही आणि तरी शून्य म्हणाली, तर सर्व्हर रांगेतून मेल पुसून टाकतो. पाइप वापरणाऱ्याने आधी हा आकडा तपासावा.

दुसरा प्रकार एलएमटीपी. १९९६ च्या आरएफसी २०३३ मध्ये तो मांडला आहे. एसएमटीपीचाच धाकटा भाऊ, पण घरातल्या घरात वापरायचा. घरचा हमाल कायम दारात उभा, दर खेपेला नवा शोधायचा नाही. त्याची खरी कमाई वेगळीच आहे : मजकूर मिळाल्यावर तो प्रत्येक माणसासाठी वेगळं उत्तर देतो. पाच जणांच्या मेलमध्ये चौघांच्या पेटीत पडला, पाचव्याची पेटी भरलेली, तर चार २५० आणि एक ४५२. सर्व्हर फक्त पाचव्याचा मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स असा मेल स्वतःहून पाच दिवस धरून ठेवतो. तेवढ्या वेळात पेटी रिकामी करता येते.

पेटीच्या रचनेबद्दलही दोन वाक्यं. जुन्या एमबॉक्स पद्धतीत सगळे मेल एकाच लांब फाइलमध्ये, वहीत लिहिल्यासारखे, म्हणून कुलूप सांभाळावं लागतं. मेलडिर ही क्यूमेलबरोबर आलेली पद्धत. तिच्यात प्रत्येक मेलची वेगळी फाइल असते. आधी ती तात्पुरत्या फोल्डरमध्ये पूर्ण लिहायची आणि मगच 'नवीन'मध्ये सरकवायची. मध्येच वीज गेली तर अर्धा मेल कधीच दिसत नाही. आमच्या गल्लीत वीज जायला वेळ लागत नाही, म्हणून मी मेलडिरवरच आहे.

मराठी विषयाचा पेच

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सहसा मिळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

मेलचा विषय मराठीत असेल तर तो प्रवासात देवनागरीत नसतो. रोमन अक्षरं आणि अंक यांच्या सांकेतिक साखळीत बांधून पाठवला जातो. प्रॉकमेलला दिसते ती साखळी. 'पावती' हा शब्द शोधायचा नियम लिहिला तर तो कधीच सापडत नाही. सीव्हच्या प्रमाणातच असं आहे की तुलना करण्याआधी विषय उलगडून युनिकोडमध्ये आणायचा. म्हणून 'पावती' असलेले मेल 'हिशेब' फोल्डरमध्ये टाक, हा नियम सीव्हमध्ये सरळ मराठीत लिहिता येतो आणि चालतो. कन्नडमध्येही तसाच.

पण एक अक्षर दगा देतं : आपला 'ऱ'. 'व्यापाऱ्यांसाठी' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ' कुणाच्या कळफलकावरून एकसंध अक्षर म्हणून येतो, तर कुणाकडून 'र' आणि खाली नुक्ता अशा दोन तुकड्यांत. काही जुन्या पद्धतींत 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखे, संगणकाला तीन वेगळे शब्द. म्हणून नियमात असा शब्द असेल तर 'ऱ' च्या आधीपर्यंतचाच भाग घ्या, 'व्यापा' एवढं शोधा. साधा उपाय आहे, पण हमखास चालतो.

गाळणीच्या शिकण्यातही भाषेचा वाटा आहे. स्पॅमअसॅसिनचा शिकणारा भाग दोनशे चांगले आणि दोनशे वाईट मेल पाहिल्याशिवाय मत देत नाही. त्याला शिकवताना फक्त इंग्रजी मेल दाखवले, तर मराठी आणि कन्नड शब्द त्याला अनोळखीच राहतात, आणि चांगल्या मराठी पत्रव्यवहाराच्या बाजूने त्याला बोलता येत नाही. दुकानाचा खरा पत्रव्यवहार, ज्या भाषांत होतो त्या सगळ्या भाषांत, शिकवणीत घाला.

गाळणी कुठे थांबते

आता सगळ्यात महागडा मेल. ओळखीच्या गिरणीचं नाव, आधीच्याच बिलाचा संदर्भ, आणि खाली एक ओळ : आमचं बँक खातं बदललं आहे, या वेळची रक्कम नव्या खात्यावर भरा. भामट्याने गिरणीच्या नावासारखंच, एका अक्षराचा फरक असलेलं डोमेन विकत घेतलेलं असतं. ते त्याचं स्वतःचं डोमेन, म्हणून एसपीएफ पास, डीकेआयएम पास, डीमार्क पास. ओळखपत्र खरं आहे, फक्त माणूस दुसरा. कधी गिरणीचंच खातं चोरलेलं असतं, तेव्हा तर डोमेनही खरं. असल्या मेलमध्ये गाळणीला पकडण्यासारखं फारसं काही सापडत नाही.

थोडी मदत करता येते. सीव्हमध्ये 'पत्ता' तपासणारी चाचणी फक्त पत्ता पाहते, दिसणारं नाव सोडून देते. 'शीर्षक' तपासणारी पूर्ण ओळ पाहते. दोन्ही जोडून नियम होतो : दिसणाऱ्या नावात आमच्या मालकाचं किंवा ठराविक गिरण्यांचं नाव आहे, पण डोमेन आमच्या यादीतलं नाही, तर मेल 'आधी विचारा' नावाच्या फोल्डरमध्ये. फेकायचा नाही, इनबॉक्समध्येही नाही. पण चोरलेल्या खात्याला हाही नियम पकडत नाही. तिथे जुन्या वहीतल्या नंबरवर फोन करणं हाच उपाय. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही.

आणि एक गोष्ट विसरू नका. मजकूर तपासणारी गाळणी म्हणजे तुमचं पत्र वाचणारं यंत्र. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांनी सतराव्या शतकात 'अंचे' नावाची टपालव्यवस्था सुरू केली. कन्नडमध्ये टपालाला आजही अंचेच म्हणतात. ही व्यवस्था पत्रं पोहोचवत असे आणि राज्यातल्या बातम्या राजापर्यंतही. मेलची गाळणी बाहेरच्या सेवेकडे दिली तर तुमचे भाव, तुमचे ग्राहक, तुमची उधारी तिच्यासमोरून जाते. त्यात गैर आहेच असं नाही, पण देताना हे माहीत असावं. स्वतःच्या सर्व्हरवर आरस्पॅमडी चालवला तर पत्र दुकानातच वाचलं जातं.

मग लावायचं काय?

दहा-वीस माणसांच्या दुकानासाठी माझी मांडणी अशी. नाक्यावर पोस्टस्क्रीन, स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर आणि मिल्टरने जोडलेला आरस्पॅमडी. अगदी खात्रीचा कचरा तिथूनच ५५० सांगून परत. संशयिताला शिक्का. गोदामात गाळणी नाही, कोठडीही नाही. तिथून एलएमटीपीने डव्हकॉटकडे. तिथे सीव्ह : शिक्क्याचा मेल जंकमध्ये, बाकी माणसागणिक नियम. पेट्या मेलडिरच्या. जुना प्रॉकमेल चालू असेल तर एका रात्रीत उपटू नका. एकेका माणसाचे नियम सीव्हमध्ये लिहा, आठवडाभर पाहा, मग पुढचा माणूस.

हजारोंच्या संख्येने मेल येणाऱ्या मोठ्या संस्थेला गोदामातली गाळणीही लागू शकते, जोडपत्रं उघडून तपासायला वेळ लागतो म्हणून. मग अडलेल्या मेलांची रोजची यादी माणसांपर्यंत जाण्याची सोय आधी करा, गाळणी नंतर.

आणि सगळं लावून झालं की एक चाचणी घ्या. बाहेरच्या खात्यावरून स्वतःला चार मेल पाठवा : एक साधा, एक मराठी विषयाचा, एक भरलेल्या पेटीकडे, एक मुद्दाम संशयास्पद. प्रत्येकाचं काय झालं ते नोंदींच्या फाइलमध्ये शोधून काढा. "मेल गेला कुठे?" या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देता आलं, तर तुमची मांडणी पक्की.

त्या नोंदी वाचायच्या कशा, एका मेलचा माग नाक्यापासून पेटीपर्यंत कसा काढायचा, हे पुढच्या भागात. तोवर नमस्कार.